बिनमिठाचा टोमॅटो

प्रिय माळीणबाई,

पार्सलचा डबा उघडला असशील तर तसाच बंद कर. आत या वेळी एकच टोमॅटो आहे, त्याला अजून हात लावू नकोस. आधी हे पत्र वाच. रोज संध्याकाळी फोनवर बोलणारा नवरा एकदम कागद-पेन घेऊन बसला म्हणजे काहीतरी बिनसलंय, हे तू चष्मा शोधता शोधताच ओळखलं असशील. घाबरू नकोस. मी ठीक आहे, घर जागेवर आहे, गॅस मी दोनदा बघून बंद करतो, आणि तुझी निळी शाल धुवायची नाही म्हणालीस म्हणून धुतलेली नाही. पण जे सांगायचं आहे ते मी रोज उद्यावर ढकलतोय. तुझा आवाज आला की मी ऊन किती, वारा किती असलं काहीबाही बोलत सुटतो. कागदावर निदान तू मध्येच 'तुम्ही जेवलात का' असं विचारणार नाहीस. ते विचारलंस की माझं अवसानच गळतं.

तुझ्या सगळ्या बातम्या मला छकुलीकडून कळतात. चाळिशीला आलेल्या लेकीला छकुली म्हणतो म्हणून ती अजून चिडते, पण बातम्या देते. डॉक्टर म्हणालेत की अंगात थोडी ताकद आल्याशिवाय हृदयाच्या झडपेला हात लावायचा नाही. म्हणजे आधी पोटात अन्न जायला हवं, मग ऑपरेशन. आणि तू ताटावर बसतेस, दोन घास चिवडतेस आणि 'पोट भरलं' म्हणून उठतेस. जावईबापू बिचारे तुझ्यासाठी कुठून कुठून फळं आणतात आणि शेवटी स्वतःच खातात. त्यांचं वजन वाढलंय म्हणे. पहिले काही आठवडे तसं नव्हतं ना गं? आपल्या गच्चीवरचे टोमॅटो पोचले की तू स्वतः स्वयंपाकघरात जाऊन बसायचीस, हे छकुलीनेच सांगितलं होतं. 'आई आज अख्खी वाटी संपवून मोकळी झाली' असा तिचा निरोप आला त्या दिवशी मी कँटीनमध्ये पोरांना विनाकारण गोड खाऊ घातलं होतं. ते दिवस आठवले की मला स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटतं.

तुला त्या पहिल्या डॉक्टरांची खोली आठवते? भिंतीवर हृदयाचं चित्र होतं आणि पंखा कुरकुरत होता. तुझ्या पायांवरची सूज अंगठ्याने दाबून बघत ते म्हणाले, मीठ बंद. मग त्यांनी वर बघून विचारलं, घरात स्वयंपाक कोण करतं? मी तोंड उघडणार तेवढ्यात तू म्हणालीस, 'मीच करते. हात जरा सैल आहे माझा.' अगं, आपल्या घरात संध्याकाळचा स्वयंपाक लग्नापासून मी करतो. दुसऱ्याच्या हातचं मला चालत नाही, नाकाने कांदे सोलायची सवय आहे माझी. कारखान्याच्या कँटीनमध्ये शेकडो माणसांच्या पातेल्यात मीठ टाकून टाकून माझ्या हाताला मूठ कळते, चिमूट कळत नाही. घामाने निथळून आलेल्या माणसांना खारट लागतं, तेच मी घरी तुला वाढत आलो. आणि तू त्या खोलीत ते स्वतःच्या अंगावर घेतलंस. परतताना आपण दुकानातून पावाची लादी घेतली आणि घरी आलो. मला वाटतं, तेव्हापासून मी तुझ्या डोळ्यांत बघून कधी वाढलंच नाही.

बिनमिठाचं जेवण तुला जाईना. मी आयुष्यभर चव विकून पोट भरणारा माणूस, पण माझे सगळे हातखंडे मीठ काढलं की आडवे पडले. लिंबू पिळलं, मिरी कुटली, लसूण भाजला, तरी तू औषध गिळावं तसं गिळायचीस. मग एक दिवस गच्चीवर कपडे वाळत घालताना तुला त्या फुटक्या बादलीत आपोआप उगवलेलं टोमॅटोचं रोप दिसलं. कुणीतरी सडका टोमॅटो तिथे भिरकावला असणार. त्याला पहिलं फळ लालबुंद झालं तेव्हा तू ते उन्हातच, उभ्याउभ्या, दोन्ही अंगठ्यांनी फोडून खाल्लंस आणि गच्चीवरून मला हाक मारलीस. मी हातातली पळी तशीच घेऊन धावत आलो, मला वाटलं पडलीस. तुझ्या हनुवटीवरून रस ओघळत होता आणि तू म्हणालीस, 'अहो, याला मीठ लागतच नाही!' तो तुझा चेहरा मी विसरलो नाही. नवऱ्याला जे जमलं नाही ते एका फुटक्या बादलीने करून दाखवलं होतं.

मग तू जी सुटलीस! रंगाचे रिकामे डबे, छकुलीचा लहानपणीचा टब, माझी गळकी कढई, सगळं गच्चीवर गेलं. मी थट्टा करायचो, कोपऱ्यावर भाजीवाला असताना इतका उपद्व्याप कशाला, अख्ख्या आठवड्याच्या घामातून मूठभर घेवडा निघणार. तू लक्ष द्यायची नाहीस. म्हणायचीस, बाजारातला टोमॅटो कच्चाच तोडतात आणि तो ट्रकमध्ये बसून लाल होतो, माझा झाडावर बसून लाल होतो, फरक तुमच्या जिभेला कळायला हवा. कळत होता गं. वादात हार मानायची नव्हती म्हणून बोललो नाही. काकडी तोडल्या तोडल्या खाल्ली की तिला गोडी असते, पालक सकाळी खुडून दुपारी शिजवला की त्याला वेगळं काही घालावं लागत नाही, हे मी बल्लवाचार्य असून तुझ्याकडून शिकलो. स्वयंपाकघरातली सालं आणि देठ तुझ्या खताच्या पिंपात जाऊ लागले, केराची बादली हलकी झाली. आणि नुसतं खाण्याचंच नाही. एक जिना चढलीस की धापा टाकणारी तू, पाणी घालायला म्हणून रोज थांबत थांबत वर जायला लागलीस. पायांची सूज उतरली. डॉक्टरांनी विचारलं, नवं औषध कोणी दिलं का? तू माझ्याकडे बघून हसलीस. शेजारपाजारच्यांचीही गच्चीवर ये-जा सुरू झाली. तळमजल्यावरची शिंपीणबाई, जिच्याशी आपलं नळाच्या पाण्यावरून वर्षानुवर्षं धड बोलणं नव्हतं, ती मिरच्या न्यायला वर आली आणि तासभर बसून गेली. जाताना तू तिला टोमॅटोचं रोप दिलंस, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात लावून. ती म्हणाली, माझ्याकडे काही जगत नाही. तू म्हणालीस, हे जगेल.

म्हणून सूज उतरूनही झडपेच्या ऑपरेशनसाठी तुला छकुलीकडे न्यायची वेळ आली आणि तू माझं येणं रद्द केलंस, तेव्हा मला त्याचं कारण कळलं होतं. मी रजा टाकली होती, बॅगही भरली होती. तू दारात चपला घालताना म्हणालीस, 'तुम्ही इथेच राहा. तिथे छकुली आहे. इथे माझ्या झाडांना कोण आहे?' मी राहिलो. तुझ्याजवळ बसायचं सोडून मी तुझी झाडं राखायला मागे राहिलो, एवढं एकच काम तू माझ्यावर टाकलं होतंस. आता पुढचं लिहायला हात उचलत नाही, पण लिहितो.

तू भाज्या धुतलेलं पाणी झाडांना घालायचीस, ते मी बघितलेलं होतं. पण माझ्यातला आचारी गप्प बसेना. मला वाटलं, धुतलेल्या पाण्यात मातीशिवाय असतं काय? सगळा कस उकडलेल्या पाण्यात उतरतो. कँटीनमध्ये रोज बटाटे उकडतात, घेवडा उकडतो, गाजरं उकडतात, आणि ते सोन्यासारखं पाणी आम्ही मोरीत ओततो. ते झाडांना घातलं तर ती कुठल्या कुठे जातील, तू परत आलीस की गच्चीचं जंगल बघून थक्क होशील, असं मनात आलं. मग मी तेलाचे रिकामे कॅन घासले, रोज ते पाणी गार करून त्यात भरलं, स्कूटरला दोन्ही बाजूंनी बांधलं आणि धापा टाकत गच्चीवर नेलं. कँटीनची पोरं हसायची, म्हणायची, मुकादम, घरी गाय बांधलीय का? मी म्हणायचो, गायीपेक्षा भारी आहे. एकही दिवस चुकवला नाही गं. तुझ्यासाठी काहीतरी करतोय याचं इतकं समाधान मला कधी वाटलं नव्हतं.

बटाटे उकडताना मी पाण्यात मूठभर मीठ टाकतो, म्हणजे साल फुटत नाही. घेवड्यात टाकतो, म्हणजे रंग हिरवा राहतो. ही मूठ टाकायला मला विचार करावा लागत नाही, हात आपोआप डब्यात जातो. त्यामुळे ते पाणी खारट आहे हे माझ्या लक्षात येऊ नये, इतका मी मूर्ख निघालो. आधी पानांच्या कडा करपल्यासारख्या झाल्या. मला वाटलं ऊन लागलं. मी आणखी पाणी घातलं. मग पानं वळली, फुलं गळली, काकडीचा वेल एका बाजूने सुकत गेला. मी आणखी घातलं. तहानलीत, तहानलीत, असं म्हणत मी त्यांना पाजत राहिलो. मातीवर पांढरी साय धरायला लागली होती, मला वाटलं बटाट्याचा कस वर आलाय. एका सकाळी तुझ्या टबाशेजारी बसून ती पांढरी खपली मी बोटावर घेतली आणि सवयीने जिभेला लावली. पातेल्यातलं कसं चाखतो, तसं.

ती चव मी काय वर्णन करू? तीच ती, घरात इतकी वर्षं तुला वाढलेली. आधी तुला, मग तुझ्या झाडांना. मी तिथेच फरशीवर बसून राहिलो. मग वेड्यासारखा खालून बादल्या भरभरून आणल्या आणि माती धुवायला गेलो, डबे उपडे केले, मुळं नळाखाली धरली. काही उपयोग झाला नाही. घेवडा गेला, वांगी गेली, पालक गेला, लिंबाच्या झाडाला चार काटे तेवढे उरलेत. तुझा एकही टोमॅटो राहिला नाही. गच्चीवर आता नुसते डबे आहेत, रांगेत, तू लावून गेलीस तसे.

त्याच संध्याकाळी तुझा फोन आला. तू खुशीत होतीस. म्हणालीस, 'अहो, पुढच्या बसने जरा जास्त पाठवा, एवढे पुरत नाहीत मला.' तेव्हा सांगायला हवं होतं. सगळं सांगून तुझ्याकडून चार शिव्या खाल्ल्या असत्या तर आज हे पत्र लिहायची वेळ आली नसती. पण मला वाटलं, हिचं जेवण या टोमॅटोंवर चाललंय, हे ऐकून ती जेवणच सोडेल. मी म्हटलं, पाठवतो की, लगडलेत नुसते. आणि दुसऱ्या दिवशी मी कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याकडे गेलो. थापा मारायच्या तर त्याही नीट रांधायच्या, म्हणून मी त्याच्या टोपलीतले वेडेवाकडे, भेगाळलेले, देठ असलेले टोमॅटो वेचायला लागलो. तो म्हणाला, 'काका, हे मी गुरांना टाकायला ठेवलेत, चांगले घ्या ना.' मी म्हटलं, हेच हवेत. आता तो मला बघितलं की वाईट टोमॅटो आपणहून पुढे सरकवतो. घरी आणून मी त्यांना थोडी माती लावायचो, तुझ्याच डब्यांतली, आणि तुझ्या जुन्या ओढणीच्या तुकड्यात गुंडाळून बसवाल्याकडे द्यायचो. बसवाला म्हणायचा, वहिनींना सांगा, माझ्या गाडीला गच्चीचा वास येतो. त्यालाही मी फसवत होतो.

तू फोनवर विचारायचीस, तोडताना बोटं हिरवी होतात का, वास येतो का हाताला? मी कोरड्या हाताकडे बघत म्हणायचो, हो तर, साबणाने जात नाही. तू म्हणायचीस, कठड्याकडच्या डब्यातलं झाड लवकर दमतं, त्याला आधार द्या. मी म्हणायचो, दिला. मेलेल्या झाडांची खुशाली मी तुला रोज कळवत होतो. हळूहळू तू विचारणं कमी केलंस. मला वाटलं, औषधांनी थकवा आला असेल. खरं सांगतो, तू विचारत नाहीस म्हणून मला बरंच वाटलं. सुटलो, असं वाटलं. याची लाज मला झाडं मारल्यापेक्षा जास्त वाटते.

आता हे आजच का लिहितोय, ते सांगतो. काल दुपारी जेवणाच्या गर्दीत कँटीनमध्ये छकुलीचा फोन आला. ती रडत होती. म्हणाली, आईने ऑपरेशन नको म्हणून सांगितलंय, आता मला घरी न्या म्हणते. का, तर आई म्हणाली, 'माझ्या हातच्या झाडाचा टोमॅटो मला गवतासारखा लागतो गं. त्याचीही चव कळेना म्हणजे आतलंच संपत आलंय. आता उगाच कापाकापी कशाला?' अगं, तुझी चव गेलेली नाही! तुझं काही संपत आलेलं नाही! ते टोमॅटो ट्रकमध्ये लाल झालेले होते, आणि तुझ्या जिभेने ते पहिल्या घासात ओळखलं. मीठ सोडून सोडून ती इतकी तल्लख झालीय की माझ्यासारख्या मुरलेल्या आचाऱ्याची लबाडीही तिच्यापुढे चालली नाही. जीभ खरं बोलत होती, खोटा मी होतो, आणि माझ्या खोट्यापायी तू स्वतःवरचा विश्वास घालवून बसलीस. काल मी तसाच घरी आलो आणि शिंपीणबाईचं दार वाजवलं. तिच्या खिडकीत, त्या बिस्किटांच्या डब्यात, तू दिलेलं झाड छातीएवढं झालंय आणि त्याला पहिलं फळ पिकलं होतं. ती रोज शिवणयंत्रावरून मान वर करून त्याच्याकडे बघायची म्हणे. मी सगळं सांगितलं. तिने मला जे सुनावायचं ते सुनावलं, मग कात्री घेतली आणि देठासकट फळ कापून माझ्या हातावर ठेवलं. म्हणाली, 'तिचंच आहे, तिलाच द्या.' डब्यात आहे तो तोच टोमॅटो. आता उघड. आधी देठाचा वास घे. मग गॅलरीत उन्हात जा, सुरी लावू नकोस, दोन्ही अंगठ्यांनी फोड. उद्याच्या बसने मी स्वतः येतोय, राखायला इथे आता काही उरलेलं नाही. त्यामुळे शिव्या समोरासमोर दे, सगळ्या ऐकून घेईन. पण आज एक फोन कर. बाकी काही बोलू नकोस, फक्त चव लागली का, तेवढं सांग.

तुझाच,
खारट हाताचा आचारी